पटाशी हाती घेण्यापूर्वी

आपल्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळाच्या कपाटात चार तारांची एक जुनी बासगिटार आहे. तिच्या अंगात आणखी एक खड्डा खणून दुसरा पिकअप बसवावा, अशी सूचना गेल्या स्नेहसंमेलनानंतर पुढे आली आणि बहुतेकांनी मान डोलावली. सूचनेमागचे कारण साधे आहे. संमेलनात ढोलकी ऐकू आली, कीबोर्ड तर शेजारच्या सोसायटीतही ऐकू गेला, पण बास कोणालाच ऐकू आली नाही. ऐकू आली ती नुसती घुमघुम. तेव्हा वाद्यात खोट आहे, वाद्य दुरुस्त करा. दुरुस्ती म्हणजे सुतार, आणि सुतार म्हणजे पटाशी. मंडळाचे दुसरे कोणतेही काम इतक्या सरळ रेषेत झाल्याचे मला आठवत नाही.

मी ते वाद्य गेली दोन वर्षे वाजवतो आहे. तेव्हा या प्रश्नावर मला काही मत असणे क्षम्य मानावे. ते मत असे, की रोगाचे निदान अर्धे बरोबर आहे, औषध घाईचे आहे, आणि जी एक गोष्ट खरोखर आजच्या आज दुरुस्त व्हायला हवी तिचा उल्लेखही कोणी केलेला नाही. हे सारे वार्षिकांकात लिहिण्याचे कारण एवढेच, की मंडळाच्या बैठकीत पाच मिनिटांपेक्षा अधिक बोलू देत नाहीत.

मी बास वाजवतो असे घरी प्रथम सांगितले तेव्हा आजी म्हणाली, "बास ना? मग पुरे कर." मराठीत या वाद्याच्या नशिबी हा विनोद जन्मतःच आलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती 'बास' या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाबद्दल. मिरवणुकीतल्या भोंग्यांच्या भिंतीसमोर छाती हादरते त्याला आपण आता बास म्हणतो. "बास वाढव" म्हणजे ती हादरवणी वाढव. बासगिटारचे काम हे नव्हे. तिने गाण्याचा आधारस्वर धरायचा आणि त्याच वेळी ठेक्याशीही हातमिळवणी करायची. तंबोरा आणि पखवाज यांच्यामध्ये कुठेतरी तिची जागा आहे. आता आधारस्वर धरायचा म्हणजे तो स्वर कोणता हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. नुसत्या हादऱ्यातून ते कळत नाही. आपल्या संमेलनात नेमके हेच झाले.

आता पिकअपकडे वळतो. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली जे दाखवून दिले तेच हे. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की पिकअपला गिटारचा आवाज ऐकू येत नाही. त्याला फक्त तार 'दिसते', आणि तीही सबंध नव्हे. त्याच्या डोक्यावरचा बोटभर तुकडा तेवढा दिसतो. त्या तुकड्याची जी हालचाल, तोच त्याच्या दृष्टीने सारा स्वर. एकाच नाटकाचा प्रयोग एकाने पहिल्या रांगेतून पाहावा आणि दुसऱ्याने विंगेतून, तसा प्रकार. नाटक एकच असते, पण दोघांनी पाहिलेले निराळे.

तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते, हे आपल्याकडे तंबोऱ्यापाशी बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार निघतो. आपले संगीतशास्त्र यांना सहायक नाद म्हणते. अख्खी तार हलते तो मूळ स्वर. दोन भागांत हलते तो दुप्पट कंपनांचा, तीन भागांत हलते तो तिप्पट, असे पुढे. ज्या बिंदूंपाशी तार त्या त्या प्रकारात स्वस्थ असते त्यांना निस्पंद म्हणतात. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०० साली असा नियम सांगितला, की तार जिथे छेडाल तिथे ज्या सहायक नादाचा निस्पंद येतो तो नाद त्या आवाजात उमटत नाही. आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर निबंध लिहून दाखवले, की ही दोन वाद्ये हा नियम पाळत नाहीत. त्यांच्या घोडीचा पृष्ठभाग सपाट-वळणदार असतो, तार तिच्यावर घासत उठते-बसते, आणि जे नाद गैरहजर असायला हवेत तेही हजर होतात. मिरजेचे कारागीर ज्याला जवारी लावणे म्हणतात ती ही करामत. घोडीवरचा दोरा केसभर सरकवला की तंबोरा उजळतो किंवा मिटतो. हे मिरजेला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. २०२४ साली तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

बासगिटारच्या घोडीला जवारी नसते. म्हणून यंगसाहेबांचा नियम तिला मुकाट्याने पाळावा लागतो, आणि तो पिकअपलाही तसाच लागू पडतो. पिकअपच्या डोक्यावर ज्या नादाचा निस्पंद, तो नाद पिकअपला दिसत नाही.

आता आकडे. कलाशाखेच्या अंकात आकडे देतो आहे, पण त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या वाद्याची तार, रूढ मापाप्रमाणे, चौतीस इंच म्हणजे ८६.४ सेंटीमीटर. सर्वांत जाड ई तारेची कंपनसंख्या सेकंदाला ४१.२. आपला एकुलता एक पिकअप मानेच्या टोकाशी चिकटून बसवलेला आहे. फूटपट्टीने मोजले तर घोडीपासून साडेएकवीस सेंटीमीटर, म्हणजे तारेचा जवळजवळ बरोबर चौथा हिस्सा. तिथे चौथ्या नादाचा निस्पंद येतो. म्हणजे खुल्या ई तारेतून ४१.२ च्या चौपट, सुमारे १६५ कंपनांचा नाद गळाला.

पुष्कळ वादक इथेच थांबतात आणि "चौथ्या हिश्श्यावर अमुक नाद मरतो, पाचव्या हिश्श्यावर तमुक जगतो," अशी पंचांगे मांडतात. पण बोट पडद्यावर ठेवले की तारेची लांबीच बदलते. पाचव्या पडद्यावर बोट ठेवा. उरली तीन चतुर्थांश तार. आता तोच पिकअप उरलेल्या तारेच्या एक तृतीयांशावर आला. आता तिसरा नाद गळणार. स्वर ए, कंपने ५५, तिप्पट १६५. बाराव्या पडद्यावर जा. तार निम्मी झाली, पिकअप तिच्या मध्यावर आला. दुसरा नाद गळणार. कंपने ८२.४, दुप्पट पुन्हा १६५! कोणताही स्वर वाजवा, त्या तारेवर त्या पिकअपची खाच १६५ पाशीच पडते. शेजारच्या ए तारेवर ती २२० पाशी, डी तारेवर २९४ पाशी, जी तारेवर ३९२ पाशी. म्हणजे पिकअपची जागा ही एखाद्या नादाची वैरीण नसून प्रत्येक तारेच्या आवाजात एका ठराविक उंचीवर घेतलेला चावा आहे. (पिकअपला रुंदी असल्यामुळे चावा अगदी तळापर्यंत जात नाही, हे खरे.) हे गणित सुटले तेव्हा मला परीक्षेत कधी झाला नाही इतका आनंद झाला, म्हणून ते विस्ताराने सांगितले.

याच्यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. मानेजवळ पिकअप एक सेंटीमीटर सरकवला तर ई तारेवरची खाच १६५ वरून १७३ वर जाते. कानाला फारसे कळणार नाही. पण घोडीजवळ, समजा सहा सेंटीमीटरवरून पाचवर आणला, तर तीच खाच ५९३ वरून थेट ७१२ वर उडी मारते. म्हणजे मानेकडे सुताराचा हात थोडा चुकला तर चालतो, घोडीकडे चालत नाही. आणि दुसरी गोष्ट: सहा सेंटीमीटरवर खुल्या तारेचा मूळ स्वर मानेजवळच्या मानाने एक तृतीयांशाहूनही कमी दिसतो. घोडीजवळचा पिकअप स्पष्ट बोलतो, पण त्याचे अंग कृश असते.

वाद्ये बनवणाऱ्यांचा इतिहास या एका प्रश्नाभोवतीच फिरलेला दिसतो. कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणली, तिला एकच साधा पिकअप होता. १९५७ साली त्याने तो दुभंगला: जाड दोन तारांसाठी एक तुकडा, बारीक दोन तारांसाठी दुसरा, आणि दोघांना एका रेषेत न ठेवता पुढेमागे. ही जागा तारेच्या सुमारे सहाव्या हिश्श्यापाशी येते, आणि साठहून अधिक वर्षांनंतर आजही जगातले निम्मे तरी वादक तिथेच समाधानी दिसतात. १९६० साली जॅझ बास आली. तिला दोन पिकअप. पुढे सत्तरच्या दशकात त्यांतला घोडीकडचा पिकअप सुमारे एक सेंटीमीटर घोडीकडे सरकला. या एका सेंटीमीटरवर जगभरचे वादक अजून भांडतात. वरचे गणित पाहिले तर ते उगाच भांडत नाहीत, हे पटेल. उलट गिब्सन कंपनीने त्याच सुमारास आपल्या बासगिटारांत एक धष्टपुष्ट पिकअप मानेला चिकटवून बसवला. त्याच्या चिखलासारख्या आवाजावरून त्याला जे टोपणनाव मिळाले त्यातही चिखलच आहे. आपले वाद्य या दुसऱ्या घराण्यातले. म्हणून म्हणालो, निदान अर्धे बरोबर आहे.

आता "आणखी एक पिकअप घोडीजवळ बसवा, म्हणजे दोन्ही लावले की दोन्हींचे गुण मिळतील," या युक्तिवादाचा समाचार घेतो. मित्रहो, गुणांची अशी बेरीज होत नाही. मानेजवळचा आणि सहा सेंटीमीटरवरचा, असे दोन पिकअप सारख्या जोराने लावले तर काही नादांच्या बाबतीत एकाला तार वर जाताना दिसते त्याच क्षणी दुसऱ्याला खाली येताना, आणि दोघे मिळून एकमेकांना खोडतात. हिशेब केला तर ई तारेवर २२८ आणि २५८ च्या आसपास शेजारीशेजारी दोन नव्या खाचा पडतात. घरी एकटे वाजवताना हा पोकळ, रेशमी आवाज फार गोड वाटतो. कीबोर्ड, दोन गिटारी आणि ढोलकी सुरू झाली की तो विरघळून जातो. कारण बाकीच्यांच्या गर्दीत बासला ओळख देणारा मधला पट्टाच आपण खणून काढलेला असतो. एकच पिकअप योग्य जागी असला तर तो दोन पिकअपांना भारी पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

योग्य जागा कोणती, हे मात्र गणित सांगत नाही. कानाने ठरवावे लागते, आणि त्यासाठी लाकूड खणण्याची काडीचीही गरज नाही. एका रविवारी घाटकोपरला एका मित्राच्या घरी आम्ही एक सुटा पिकअप लाकडी पट्टीला बांधला, त्याला लांब वायर जोडली आणि तारांच्या वर तो उलटा धरून घोडीपासून मानेपर्यंत इंचाइंचाने सरकवत गेलो. पिकअपला वरून पाहिले काय आणि खालून पाहिले काय, तार तीच. एकाने वाजवायचे, एकाने पट्टी धरायची, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून ऐकायचे. रेकॉर्डवर ढोलकी आणि कीबोर्ड लावून पुन्हा तेच. एकट्या वाद्याला सगळ्यांनी मानेजवळची जागा पसंत केली. साथीत मात्र भिंतीकडे तोंड केलेल्यांचे हात चौदा-पंधरा सेंटीमीटरच्या आसपास वर झाले. म्हणजे पुन्हा तो सहावा हिस्सा. सूचनेत जी जागा सुचवली आहे ती घोडीपासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर आहे, आणि ती निवडण्याचे कारण बटणे आणि घोडी यांच्यामध्ये तेवढीच जागा मोकळी दिसते, हे आहे. वास्तुशास्त्रातही याहून बरे कारण देतात.

वाद्यात फेरफार करणे म्हणजे पाप, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. जॅको पास्टोरियस या अमेरिकन वादकाने आपल्या १९६२ सालच्या जॅझ बासचे सगळे पडदे उपटून काढले आणि पट्टीवर बोटींना लावतात तो इपॉक्सीचा लेप चढवला. १९७६ साली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि बासगिटार गाऊ शकते हे जगाला कळले. इतके दूर जायचेही कारण नाही. आपल्या मुलुंड-भांडुपच्या गल्ल्यांत हळदीला आणि गणपतीला टेम्पोवर जी बेंजो पार्टी वाजते, तिच्यातला बेंजो हा अमेरिकन बँजो नव्हेच. तो बुलबुलतरंग, आणि बुलबुलतरंगाचे मूळ जपानमधल्या ताइशोगोतो नावाच्या, टाइपरायटरसारख्या कळा असलेल्या वाद्यात, जे १९१२ साली नागोयात जन्मले. आपल्या माणसांनी त्याला पिकअप लावला, भोंग्यांना जोडले, आणि नाशिक ढोलाच्या गदारोळातही गाण्याची चाल शेवटच्या माणसापर्यंत पोचवली. पिकअप कुठे लावावा हे या कारागिरांनी पुस्तकात वाचले नव्हते. लावले, ऐकले, सरकवले, पुन्हा ऐकले. मला हवी आहे ती हीच रीत. आपण मात्र त्यातले फक्त 'लावले' एवढेच उचलतो आहोत.

चित्रपटसंगीताकडे पाहा. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बासगिटार वाजवीत. १९९१ पूर्वीच्या आयातबंदीच्या दिवसांत चांगले परदेशी वाद्य मिळणे म्हणजे जहाजावर नोकरी करणारा कोणी नातेवाईक असणे. तरी सत्तरच्या दशकातली ती गाणी घ्या आणि मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरवर लावा. बासची ओळ स्पष्ट ऐकू येते. तो स्पीकर ४१ कंपनांचा स्वर काढूच शकत नाही! मग ऐकू काय येते? वरचे सहायक नाद. दुप्पट, तिप्पट, चौपट असे नाद कानावर पडले की खालचा मूळ स्वर आपला मेंदू मनानेच भरून काढतो. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी याची खातरजमा आपल्या प्राध्यापकांकडून करून घ्यावी. तात्पर्य, बास ऐकू यायची तर खालचे वाढवून उपयोग नाही. मधले जपले पाहिजे. आपण संमेलनात काय केले? बास ऐकू येत नाही म्हणून मिक्सरवरचे खालचे बटण शेवटपर्यंत फिरवले. मुलुंडचे कालिदास असो की बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, एवढ्या मोठ्या नाट्यगृहांतही ते खपले नसते. आपले सभागृह तर पत्र्याचे.

जाता जाता चरणजितसिंग यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गिटार आणि बासगिटार वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ साली रोलंड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र घेऊन डिस्को ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. ते यंत्र बनवले होते बासगिटारवाल्याची जागा घेण्यासाठी. त्यात पिकअप नाही, तार नाही, काही नाही. त्या वेळी तबकडीला कोणी विचारले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि तिकडचे लोक थक्क झाले. ज्या यंत्राने आपली नोकरी घालवायची त्याच्याकडूनच मालकंस वाजवून घेण्याची ही वृत्ती मला फार आवडते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

मग पटाशीआधी काय करावे? पहिला उपाय उजव्या हाताचा. यंगसाहेबांचा मूळ नियम छेडण्याच्या जागेचाच होता, पिकअपचा नव्हे. बोटे मानेजवळून घोडीकडे चार इंच आणली की आवाज कणखर होतो, आणि हात सरकवायला वर्गणी काढावी लागत नाही. दुसरा उपाय तारांचा. आपल्या वाद्यावरच्या तारा किती जुन्या आहेत हे मंडळातल्या कोणालाही सांगता आले नाही. घामाने आणि मुंबईच्या दमट हवेने मेलेल्या तारेत वरचे नाद शिल्लकच नसतात. जे तारेत नाही ते दहा पिकअप लावून कुठून येणार? तिसरा उपाय उंचीचा. पिकअपच्या दोन बाजूंचे स्क्रू फिरवून तो जाड तारांकडे थोडा खाली घ्यायचा. चुंबक फार जवळ आला की तो तारेलाच ओढतो आणि स्वर डळमळतो. चौथा, आतल्या जोडणीचा. लॅमिंग्टन रोडवर अडीचशे किलोओहमचे नवे पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वडापावच्या भावात मिळतात. आपल्या वाद्याचे टोनचे बटण फिरवले की खरखरते आणि अर्ध्यावरच अडकते. म्हणजे दोन वर्षे आपण सगळे अर्धवट मिटलेले वाद्य ऐकतो आहोत. हे चारही उपाय फसले तरी वाद्य होते तसे करता येते. खणलेले लाकूड परत भरता येत नाही.

आता त्या गोष्टीकडे येतो, जिचा उल्लेख कोणी केला नाही.

आपल्या वाद्याचा पिकअप एकेरी वेढ्याचा आहे, त्यामुळे तो विजेची गुणगुण ओढून घेतो. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास फेरे करतो. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी हा स्वर ४९ कंपनांचा आहे. म्हणजे मी तो स्वर धरला की गुणगुण आणि स्वर यांच्यात सेकंदाला एक असा हेलकावा येतो. अमेरिकेत प्रवाह साठ फेऱ्यांचा, तिथे हा त्रास बी या स्वराला होतो. हा झाला गमतीचा भाग. गंभीर भाग असा, की ही गुणगुण घालवण्यासाठी अनेक ठिकाणी एक 'उपाय' केला जातो: प्लगचा तिसरा, अर्थिंगचा जाड पाय काढून टाकायचा किंवा दोन पायांच्या जोडणीतून अँप्लिफायर लावायचा. गुणगुण बहुधा खरोखर कमी होते. गेल्या वर्षी एका मंडळाच्या स्टेजवर मला असाच प्लग दाखवून "आवाज कसा स्वच्छ झाला" म्हणून सांगण्यात आले. आपल्या सभागृहातल्या लांब वायरीच्या बोर्डालाही दोनच वायरी आहेत. मी उघडून पाहिला.

गिटारच्या तारा घोडीतून, वायरीच्या जाळीतून थेट अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. आत बिघाड झाला आणि अर्थिंग नसले तर तो पत्रा, आणि म्हणून त्या तारा, जिवंत होतात. वादकाला कळत नाही, कारण तो लाकडी स्टेजवर बूट घालून उभा असतो. मग तो कोरस म्हणायला पुढे वाकतो आणि त्याचे ओठ दुसऱ्या बोर्डावरून आलेल्या माइकच्या जाळीला लागतात. हात तारांवर, ओठ माइकवर, मध्ये छाती. १९७२ च्या मे महिन्यात इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, स्वान्सी गावी, 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे भर कार्यक्रमात असाच गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. तो सत्तावीस वर्षांचा होता.

आपल्याकडे नवरात्रात दांडियाचे वाद्यवृंद उघड्या मैदानात वाजतात, गणपतीत पाऊस असतो, आणि आमची मुले चपला काढून स्टेजवर चढतात, कारण समोर मूर्ती असते. ओल्या पायांनी, अनवाणी. पिकअप कुठे बसवावा यावर आपण तासभर वाद घातला, आणि बोर्डाला तिसरी वायर आहे का, हे विचारायला कोणाला अर्धा मिनिट मिळाला नाही. म्हणून मंडळाच्या शिलकीतून पहिला खर्च व्हावा तो याचा: परवानाधारक वायरमनकडून सभागृहाचे अर्थिंग तपासून घेणे, तीन वायरींचा बोर्ड, आणि त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. माइक आणि सगळे अँप्लिफायर एकाच ठिकाणाहून वीज घेतील अशी मांडणी. गुणगुण राहिली तर पिकअपच्या खड्ड्याला आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो जमिनीला जोडायचा. तीही अर्ध्या दिवसाच्या कामाची गोष्ट आहे.

दुसरा खर्च तारांच्या संचाचा, तिसरा पॉटचा आणि कपॅसिटरचा. हे करून पुढचे दोन कार्यक्रम वाजवू. तरीही बास ऐकू आली नाही तर पटाशीला माझी हरकत नाही. पण मग नवा खड्डा घोडीला खेटून नव्हे, आणि जुन्याच्या जोडीला म्हणूनही नव्हे. चौदा सेंटीमीटरवर मी पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवली आहे. ज्यांना ती पटत नसेल त्यांनी स्वतः पिकअप सरकवून ऐकावे. पिकअप बांधलेली ती पट्टी गिटारच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे; कपाटाची किल्ली ग्रंथालयातल्या शिपाईमामांकडे मिळते, दुपारी तीनपर्यंत.